पाण्यात फुटलेली रव्हिओली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गोष्ट सांगितली आहे — आमच्या दांडिया बाजारात ती माझ्या तोंडून ऐकली नाही असं घर सापडायचं नाही! पण मी सांगतो ती खोटी आहे.

मी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला होतो, तेव्हा तिथे एक इटालियन आचारी आला होता. त्याने आम्हाला रव्हिओली शिकवली. मैदा नुसत्या अंड्यात मळायचा, पापडाइतका पातळ लाटायचा, त्यावर पालक आणि ताज्या चीजचं सारण थोडं थोडं मांडायचं, वरून दुसरी पोळी, हवा काढून कडा दाबायच्या, चौकोन कापायचे. आणि मग — तळायचे नाहीत, उकळत्या पाण्यात सोडायचे! वर लोणी आणि किसलेलं चीज. पीठ माझ्याकडे, कडा आमच्यातले सगळ्यात जुने आचारी गंगारामकाका यांच्याकडे.

महाराजांकडे साहेब पाहुणे जेवायला होते त्या सकाळी इटालियन जरा बाहेर गेला, आणि मी पिठात तुपाचं कडकडीत मोहन घातलं. करंज्यांना घालतो तसं. का? त्या गोऱ्याला चार गोष्टी शिकवाव्यात, ही खुमखुमी. दुसरं काय?

काकांनी पीठ बोटांत चोळलं. "केशवा, हे चिकटत नाही रे. तूप घातलंस की काय?"

"बोटं थकली तुमची, काका. दाबा!"

पाण्यात पडताच सगळं सुटलं. पातेल्यात हिरवा गाळ, वर मैद्याच्या चिंध्या. कारभारी ओरडले, "कडा कुणी दाबल्या?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी — चुलीकडे. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तरी मी नाकारलं असतं, हे त्यांनी ओळखलं होतं का? त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली.

आणि मी? सगळा दोष काकांच्या बोटांचा अशी गोष्ट रचून मी त्यांची नक्कल बसवली! थरथरती बोटं, बारीक केलेले डोळे, कडा दाबताना बाहेर आलेली जीभ. लोक लोळायचे.

गेल्या वर्षी एका लग्नात पंगत बसली होती. "होऊन जाऊ दे, केशवराव!" यजमानांनी आग्रह केला. मी रंगात आलो. बोटं थरथरवली, जीभ काढली. सगळी पंगत हसली. मग वर पाहिलं — समोर गंगारामकाका. आता ते लग्नांत वाढप्याचं काम करतात.

हसणं ओसरेपर्यंत ते वरणाचं भांडं घेऊन तसेच उभे होते. मग वाकून म्हणाले, "वाढू?"

मी मान डोलावली. आणि जेवलो — पोटभर.