अक्कांची युरोपयात्रा

परदेश नावाची काही गोष्ट या पृथ्वीवर आहे, हे माझ्या नवऱ्याच्या आत्याला आजतागायत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. मी स्वतः त्यांच्याबरोबर महिनाभर युरोप हिंडून आले आहे, म्हणजे पुराव्यानिशी बोलते. आल्प्सचा बर्फ त्यांनी मुठीत दाबून पाहिला, पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्यावर चढून खालच्या लोकांना हात केले, व्हेनिसच्या नावाड्याला 'जपून रे बाबा' असं बजावलं. पण त्यांच्या लेखी ही सगळी त्यांच्या बंगळूरच्या चामराजपेटेच्या जरा पलीकडची ठिकाणं. तिथे बस जात नाही, एवढाच काय तो दोष.

त्यांना घरात आणि गल्लीत सगळे अक्का म्हणतात. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला येऊन स्थिरावलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलंय की कुठे काय सुरू होतं ते कळत नाही. मी पुण्याची, लग्न होऊन बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला आलेली. माझं बोलणं ऐकून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मुलगी छान आहे. मराठी तेवढं स्वल्प पुस्तकी आहे. होईल सुधारणा." आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून हॉलंडला गेला, तो तिथलाच झाला. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि दर रविवारी अक्का शेवटी विचारतात, "मग परत कधी?" तो म्हणतो, "बघू आई, पुढच्या वर्षी." चामराजपेटेच्या घरात त्याच्या खोलीतली चादर अजून आठवड्याला बदलली जाते.

म्हणून सहलीचा बेत ठरला तेव्हा अक्कांनी हेतू लपवून ठेवला नाही. इटली, स्वित्झर्लंड, फ्रान्स बघायचं, शेवटचा आठवडा मुलाकडे राहायचं आणि येताना त्याला घेऊनच यायचं. सहलीतल्या सगळ्यांना त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. कुणी विचारलं, "काकू, तुमचं शॉपिंग काय?" की उत्तर तयार असायचं, "मुलगा."

पण त्या गेल्या कशा, ते आधी सांगायला हवं. अक्कांच्या मते माणूस घर सोडून लांब निघाला की ती यात्राच, आणि यात्रेचे नियम ठरलेले असतात. विमानाची वेळ नेमकी राहुकालात. विमान कंपनी काही ऐकेना. मग अक्कांनी प्रस्थान ठेवलं. म्हणजे आदल्या दिवशी चांगल्या मुहूर्तावर सामानातलं एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, की प्रवास त्या क्षणीच सुरू झाला असं धरतात. मग विमान राहुकालात उडो नाहीतर ग्रहणात. ते दुसऱ्याचं घर म्हणजे आमचं. पिवळ्या फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड असं सगळं बांधून अक्का रिक्षाने मारतहळ्ळीला आल्या, आमच्या सोफ्यावर बसल्या आणि हॉलंडला फोन लावून म्हणाल्या, "निघाले रे मी!" दुसऱ्या दिवशी विमानतळावर पासपोर्ट कुठेच सापडेना. मी रडायच्या बेतात, आणि अक्का शांतपणे गाठोडं सोडतायत. "प्रवासात सगळ्यात महत्त्वाचं तेच ना? मग प्रस्थानात नको का?" त्या म्हणाल्या. खिडकीतल्या साहेबांनी पासपोर्ट उघडला, तर त्यातून त्यांच्या टेबलावर तांदूळ सांडले. साहेब कन्नडिग होते, त्यांनी तांदूळ गोळा करून अक्कांच्या हातात परत दिले आणि शिक्का मारला.

रोममध्ये अक्कांनी जे केलं ते आमच्या सहलीत दंतकथा होऊन बसलंय. एका भव्य चर्चच्या दाराशी त्यांनी सवयीने चपला काढल्या. देवाचं घर आहे, त्यात काय विचारायचं? त्यांचं बघून आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी काढल्या. मागून एक जपानी गट येत होता. त्यांना वाटलं, नियमच असणार. त्यांनीही बूट काढून अगदी रांगेत लावून ठेवले. आम्ही बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवर बुटांचा बाजार भरला होता आणि एक पहारेकरी डोक्याला हात लावून बसला होता. अक्का त्याला म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, आता एक माणूस बसवा इथे, टोकन द्यायला."

खाण्याच्या बाबतीत मी घाबरून होते, कारण अक्का शुद्ध शाकाहारी. पण त्यांच्याइतक्या उत्साहाने त्या सहलीत कुणीच जेवलं नसेल. रिसोत्तोचा पहिला घास घेऊन म्हणाल्या, "हा आपला बिसीबेळे भातच गं, फक्त आजारातून उठलेला." मग पिशवीतून तिखट, कोरडी चटणीपुडी काढून त्यांनी त्याची प्रकृती सुधारली. वाढणारा मुलगा बघत होता, त्यालाही चमचाभर दिली. तो ठसकला, हसला, आणि आणखी मागितली. इटालियन आइसक्रीमवर तर त्यांचा असा जीव जडला की कडाक्याच्या थंडीत, कानाला मफलर गुंडाळून, त्या सकाळ-संध्याकाळ खात. खरेदीत त्यांना शोभेच्या वस्तूंचं वावडं. स्वित्झर्लंडला सगळे घड्याळांच्या दुकानात शिरले, तेव्हा अक्कांनी एका भांड्यांच्या दुकानात भाजी सोलायच्या सोलण्या पाहिल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एकेक घेतली. "स्वल्प कम्मी माडी," त्या दुकानदारीणबाईंना म्हणाल्या. पैसे कमी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. बाईंना अक्षरही कळलं नसेल, पण बोटं, भुवया आणि हसू कळलं असावं. एक सोलणी फुकट मिळाली. शिवाय प्रत्येक गावातल्या नदीचं पाणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेणं होतंच. यात्रा म्हटली की तीर्थ आलं.

असे हसत-नाचत आम्ही हॉलंडला पोचलो. मुलगा स्टेशनवर आला होता. अक्कांनी त्याला तिथेच दोन्ही गालांना धरून पाहून घेतलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "वाळलाय. आता नेतेच." दुसऱ्या दिवशी शनिवारचा बाजार होता. तो आम्हाला घेऊन गेला. फुलवाल्या आजोबांनी त्याला लांबूनच हाक मारली, चीजवाल्या बाईने त्याला न विचारता त्याच्या आवडीचा तुकडा कापून दिला, पाववाल्याशी तो त्यांच्या भाषेत कशावरून तरी वाद घालून खदखदून हसला. आईची ओळख करून दिल्यावर सगळ्यांनी अक्कांचे हात हातात घेतले. चामराजपेटेत अक्का भाजीला निघाल्या की अस्सं होतं, कोपऱ्यापर्यंत जायला तास लागतो. परतताना अक्का एवढंच म्हणाल्या, "इथे याला सगळे ओळखतात गं."

शेवटच्या संध्याकाळी कालव्यावर त्या बाटली भरायला वाकल्या, तेव्हा मुलगा चेष्टेने म्हणाला, "आई, यात्रेला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यावं लागतं ना? आता तुझं आइसक्रीम गेलं." अक्का म्हणाल्या, "ते नाही रे जमायचं." आणि बाटलीचं बूच घट्ट लावलं.

विमानतळावर निरोप घेताना तो थांबून राहिला. दर रविवारचा प्रश्न येणार, हे त्याला माहीत होतं. उत्तर तोंडात तयार असल्यासारखा उभा होता. अक्कांनी त्याची कॉलर नीट केली, "थंडीत कान बांध," म्हणाल्या आणि आत चालू लागल्या. त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. विमान उडाल्यावर मी हळूच म्हटलं, "अक्का, तुम्ही विचारलं नाहीत?"

"सोडलं," त्या म्हणाल्या. "आवडीचंच सोडायचं असतं." आणि हवाईसुंदरीला बोलावून त्यांनी आइसक्रीम आहे का विचारलं. मला रडू आवरेना. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

चामराजपेटेला आल्यावर अक्कांनी रीतसर मावंदं घातलं, काशीहून आल्यावर घालतात तसं. बाटल्यांची पूजा झाली, अंगणात पंगती बसल्या, प्रत्येकाला लाडवाबरोबर सोलणी मिळाली. गल्ली दुपारभर युरोपच्या गोष्टी ऐकून हसत होती. तेवढ्यात समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या अण्णांनी पानावरून मान वर केली. "अक्का, पोराला आणणार होतात ना? कुठाय तो?"

अक्कांच्या हातात लाडवांचं ताट होतं.

"तो त्याच्या घरी आहे, अण्णा," त्या म्हणाल्या. "अजून एक घ्या." आणि अण्णा नको म्हणेपर्यंत त्या पुढच्या पानाशी पोचल्याही होत्या.