अजून कडक आहे

"अजून कडक आहे!" इथे परदेशात, हार्बरफ्रंट भागातल्या आमच्या ऑफिसात रोज सकाळी चहाआधी बंदरांवरच्या टाक्या तपासणारे सर्व्हेयरसाहेब पॅन्ट्रीतला फ्रीझर उघडत, मटारच्या पिशवीवर अंगठा दाबून बघत आणि हे जाहीर करत. तुमच्याही ऑफिसात असली एखादी वल्ली असेलच.

त्यांचे रिपोर्ट मी नीटनेटके करत असे. तोंडाची जरा तिखट आहे मी. "अहो, मटारचं काय घेऊन बसलात?"

"ताई, उत्तर ध्रुवाकडची अफाट जमीन अशीच गोठलेली आहे. तिच्या पोटात हजारो वर्षांचा पालापाचोळा. फ्रीझर बंद पडला की सगळं सडतं ना, तसं ते सडायला लागलंय. त्यातून वायू सुटतो, त्यानं हवा तापते, आणि हवा तापली की जमीन आणखी वितळते."

"मग आपण काय करायचं?"

"दिसलं ते लिहायचं. एवढं तरी!"

गेल्या वर्षी ते तिकडच्या एका बंदरातल्या तेलाच्या टाक्या तपासून आले. रिपोर्टात लिहिलं, 'जमीन वितळते आहे, शेजारच्या तळ्यातून वायूचे बुडबुडे येत आहेत, इथे नवी टाकी बांधू नये.' टाक्यांचा मालक म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बॉस कडाडला, "हे वाक्य काढा!"

साहेबांचा वर्क पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, त्याच महिन्यात रिन्युअलला होता. मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर. त्यांना न विचारताच मी ते वाक्य उडवलं आणि रिपोर्ट सहीला ठेवला. भलंच करतेय असं वाटलं हो मला!

त्यांनी रिपोर्ट वाचला. ओरडले असते तर परवडलं असतं.

"माझ्या काळजीनं केलंत, कळलं मला. पुन्हा नका करू." मग पेनानं ते वाक्य परत लिहिलं, खाली सही केली आणि कागद स्वतः बॉसच्या टेबलावर नेऊन ठेवला.

पास मिळाला नाही. महिन्याभरात ते कुटुंबासकट नाशिकला परतले. मटार तेवढे इथेच राहिले.

आता त्याच बंदराचा नव्या सर्व्हेयरचा रिपोर्ट आलाय. तेच बुडबुडे, तेच वाक्य, बॉसचा तोच हुकूम, या वेळी थेट मला. माझा पास पुढच्या महिन्यात संपतो.

वाक्य मी तसंच ठेवलं आणि रिपोर्ट पाठवून दिला. मघाशी बॉसच्या केबिनमधून बोलावणं आलं. जाण्याआधी पॅन्ट्रीत शिरले, फ्रीझर उघडला. मटारच्या पिशवीवर अंगठा दाबून बघितला.

साहेब, अजून कडक आहे.