कुठला काठ, ते ठरलं नव्हतं

काहिलीला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. गूळ शिजवायला ते सोयीचं, शर्यतीला नाही. पण दादाला कोण सांगणार? लढाईचे दिवस होते. तो पलटणीतून रजेवर आला होता. कराचीच्या बंदरात त्यानं शिडाच्या होड्या पाहिल्या होत्या आणि येताना झुपकेदार मिशी घेऊन आला होता.

आमचं गाव कृष्णेकाठी, सांगलीच्या थोडं वर. गुऱ्हाळं संपली की रस आटवायच्या या थोरल्या गोल कढया रिकाम्या पडत. मग ज्याला पलीकडे जायचं असेल तो काहिलीत बसून फळीनं पाणी मारत जाई. दादाचा एक दोस्त यात पटाईत. दादा त्याला म्हणाला, "शीड लावलं तर तुझ्या आधी पोचतो."

"आन न्हाई पोचलास तर?"

"मिशी काढतो."

मी दचकलेच. आमच्याकडे बाप गेल्याशिवाय कुणी मिशी काढत नाही. आमचे वडील समोर बैल धूत होते आणि दोस्ताचे वडील सकाळीच गुळाची गाडी घेऊन सांगलीला गेले होते. दोघेही ठणठणीत.

"ठरलं रं गड्या," दोस्त म्हणाला. "आधी काठाला लागंल त्याची मिशी ऱ्हाईल. दुसऱ्यानं काढायची."

दोन वेळू आणि आईचं वाळत घातलेलं लुगडं, एवढ्यात शीड झालं. दादानं मला हाक मारली.

"बस आत. वजन पायजे."

"म्हंजे मी दगड व्हय?"

"दगड गप तरी बसतो."

निघालो तेव्हा वारा बरा होता. मधल्या डोहात आलो आणि वळवाचं वादळ सुटलं. पाणी उसळून काहिलीत यायला लागलं. मी ओंजळीनं उपसत होते, दादा वेळूला लोंबकळला होता. लुगडं टम्म फुगलं आणि काहील गरागरा फिरू लागली. आधी गाव दिसलं, मग पैलतीर, मग पुन्हा गाव.

"डावीकडं झुक!" दादा ओरडला.

"डावी कुठली? आत्ता हुती ती का आत्ताची?"

दोस्त मान खाली घालून फळी मारत पलीकडे चालला होता. तेवढ्यात वारा उलटला. आम्ही जे सुटलो, ते थेट आमच्याच काठावर, धुणं धुणाऱ्या बायकांच्या मधोमध चिखलात येऊन आदळलो. दोस्त अजून पाण्यातच होता.

वारा पडल्यावर तो पैलतीराला टेकून परत आला. "चल, काढ मिशी."

मी परकर पिळत विचारलं, "आधी काठाला कोण लागलं?"

"तुमी. पर ह्या काठाला!"

"ह्यो काठ न्हाई व्हय? कुठला काठ, ते कुठं ठरलं हुतं?"

बायका हसायला लागल्या. "बराबर बोलतीया पोरगी!"

दोस्त शब्दाचा पक्का. "बोललो ते बोललो," म्हणाला आणि तसाच ओल्या धोतरानं न्हाव्याच्या ओट्यावर जाऊन बसला.

बिनमिशीचा तो घराकडे निघाला. वाटेत भेटलेल्या एका म्हातारीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, सांगलीच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि तिथंच गळा काढला. तो "आगं, तसं न्हाई" म्हणत राहिला, पण ऐकतंय कोण? दिवे लागेपर्यंत त्यांच्या दारात अर्धं गाव जमलं. आम्हीही गेलो. दादा तर सगळ्यांत मागे, मिशीवर हात धरून.

तेवढ्यात घुंगरं वाजली. दोस्ताचे वडील गाडीतून उतरले, गर्दी पाहून घाबरले आणि पटका हातात घेऊन हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी म्हातारीच डोळे पुसत म्हणाली, "आवं, तुमीच की!"