कृपया पडदा उघडा

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे: ज्यांच्या घरचे पडदे त्यांनी पाहिले आहेत ते, आणि ज्यांचे पाहायचे राहिले आहेत ते. जात, पक्ष, पगार, स्वभाव या गोष्टी मागाहून येतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान शेलूबाजारला हायवेला लागून राहतात. पूर्वी एसटीत ड्रायव्हर होते. उभं आयुष्य केबिनच्या खिडकीतून ऊन खाल्ल्यामुळे त्यांचा उजवा हात इतका काळा पडला आहे की तो डाव्या हाताचा कोणी लांबचा नातेवाईक वाटावा. रिटायर झाल्यावर त्यांनी स्लॅबचं घर बांधलं आणि वास्तूच्या दिवशी दोन्ही हात शेजारी शेजारी धरून मला म्हणाले, "साडूभाऊ, हे पाहा. हा हात उन्हानं खाल्ला. आता माह्या घरात ऊन मले इचारून येईन." तेव्हा मला वाटलं, माणूस दोन-चार पडदे लावेल आणि गप्प बसेल. ड्रायव्हर माणूस एकदा गिअर टाकला की कुठवर जातो, याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

पहिल्यांदा रिंगांचे पडदे आले. मग मोबाइलवर कोणीतरी सांगितलं की रिंगा जुन्या झाल्या, आता दुहेरी पडदे, आतून जाळीचा आणि बाहेरून जाड. ते आले. मग भडक फुलं गेली आणि मातीचा रंग आला. साडू अकोल्याला जाऊन मातीच्या रंगाचं कापड घेऊन आले, तेव्हा माझी मेहुणी, जिला मी ताई म्हणतो, दारातच उभी राहिली. "मातीचा रंग इकत कायले आनला?" ती म्हणाली. "खिडकी उघडी ठेवली असती त हायवेवरून फुकटात आला असता." साडूंनी तिच्याकडे करुणेनं पाहिलं. "आजकाल असाच चालते," एवढंच ते म्हणाले. "आजकाल" हा त्यांचा आवडता शब्द. त्या शब्दापुढे ताईचं, माझं, शिंप्याचं, कोणाचंच काही चालत नाही.

पुढे मोबाइलनं सांगितलं की पडदा छतापासून खाली यावा आणि वर आणखी वीतभर जमिनीवर लोळावा, त्याला श्रीमंती दिसते. घरभर पडदे लोळू लागले. शेजारच्यांच्या कोंबडीला ती श्रीमंती लगेच पटली. बैठकीतल्या लोळत्या पडद्यात तिनं अंडी घातली आणि वर बसूनही राहिली. ताई तिला हाकलायला निघाली तर साडू आडवे आले. पडदा ओढला तर छतातला दांडा निघेल, ही त्यांची भीती. कोंबडीची पिल्लं निघेपर्यंत त्या खिडकीतून कोणी बाहेर पाहिलं नाही. आणि खिडक्या संपल्या तेव्हा साडूंनी मागच्या खोलीतल्या कोऱ्या भिंतीला पडदा लावला. "भितीले पडदा लावला की खोली मोठी वाटते," ते म्हणाले. मी एकदा तिथे झोपलो होतो. सकाळी हवा यावी म्हणून मोठ्या उमेदीनं पडदा सरकवला आणि चुन्याच्या भिंतीला नाक लावून किती तरी वेळ उभा राहिलो.

त्यांच्याबरोबर कोणाकडे जाणं म्हणजे परीक्षाच. अनसिंगला आमच्या एका नातेवाइकांकडे म्हातारी वारली म्हणून आम्ही बसायला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले. साडूंची मान मात्र वर, नजर खिडकीवर. मधूनच ते असा काही खोल सुस्कारा टाकत की घरच्या बायकांना पुन्हा रडू फुटे. परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "तुमचा म्हातारीवर फार जीव होता वाटते." ते म्हणाले, "चांगली होती बिचारी. पन साडूभाऊ, पोपटी भितीले जांभळा पडदा! त्या खोलीत मानूस किती दिवस जगंन?"

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण त्यांच्या एकुलत्या एका पोरीला, म्हणजे माझ्या भाचीला, जऊळक्याचं स्थळ आलं आणि आम्हा सगळ्यांना धास्ती बसली. स्थळ चांगलं होतं. मुलगा मोटारी दुरुस्त करायचा, स्वतःचं दुकान होतं, आई सरळ स्वभावाची विधवा बाई. भाचीला आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, त्याविषयी घरात कोणी बोलत नव्हतं, पण ताईच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात साडूंनी तोंडी हुकमावर आपोआप उघडणारा पडदा बसवून घेतला.

त्या पडद्याच्या यंत्राला मराठी समजत असे, पण पुस्तकातली. आमची वऱ्हाडी त्याला अजिबात कळत नसे. त्यामुळे साडू आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध बोलायला शिकले. रोज सकाळी अंघोळ करून, बनियन घालून, पडद्यासमोर हात जोडल्यासारखे उभे राहून ते म्हणत, "कृपया पडदा उघडा." पडदा घुंऽऽ करत सरकला की म्हणत, "धन्यवाद." ताई चुलीपाशी कपाळावर हात मारून घेई. "इतके वर्सं संसार केला," ती माझ्या बायकोला म्हणाली, "मले एकदाबी कृपया म्हनलं नाई या मानसानं. चहा दे म्हनते, नाई त नुसता खोकलते."

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. साडूंचा बेत असा की आधी सगळा अंधार ठेवायचा, पाहुणे बसले की पडदा आपोआप उघडायचा, आणि उजेडात मुलगी पोहे घेऊन यायची. दारा-खिडक्यांना पडदेही त्यांनी मुद्दाम एक किरण आत येऊ न देणारे लावले होते. भर दुपारी बैठकीत दिवा लावून बसावं लागलं. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर साडू उठले, घसा खाकरला आणि घाबरून भलतंच बोलून गेले, "खोल ना बाप्पा आता!"

"माफ करा, मला समजले नाही," यंत्र म्हणालं.

मामा दचकून इकडेतिकडे पाहू लागला. मुलाच्या आईनं तेवढ्यात आतल्या दाराशी उभ्या असलेल्या भाचीला विचारलं, "पोरी, शिवणकाम येते का तुले?"

"माफ करा, मला समजले नाही," पुन्हा यंत्र म्हणालं. आणि साडू "कृपया" हा शब्द आठवत असतानाच लाईन गेली.

तो अंधार मी विसरणार नाही. आपला हात आपल्याला दिसत नव्हता. भाचीनं अदमासानं पोह्यांची बशी पुढे केली ती मामाच्या मांडीवर. मामा उठायला गेला तो ताईच्या टीपॉयवर. मी खिडकीकडे चाचपडत निघालो तर साडू ओरडले, "ओढू नका! मोटर जळंन!" शेवटी मुलाच्या आईचा शांत आवाज आला, "भाऊ, मी पोरगी पाहाले आली. पडदा पाहाले नाई."

ताईचा हुंदका मला अंधारात ऐकू आला. हेही स्थळ गेलं, असं मी गृहीत धरलं.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मोटर हातानं सुटते. एक स्टूल द्या." स्टूल कुठे आहे हे भाचीलाच ठाऊक. ती स्टूल घेऊन गेली, आणि दोघं कसेबसे पडदा आणि खिडकी यांच्यामधल्या फटीत शिरले. त्या बाजूला लख्ख ऊन होतं, आमच्या बाजूला मिट्ट काळोख. आम्ही सगळे वडीलधारे श्वास रोखून बसलो, कारण पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"स्टूल घट्ट धरा," तो म्हणाला.

"धरला. याच्यासंगं कृपया म्हनून बोला लागते."

"अन् तुमच्यासंगं?"

"मले नाई म्हनलं तरी चालते," भाची म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पन म्हनलं त बरं वाटंन."

पलीकडे तो हसला, ती हसली, आणि त्या हसण्यात काय हललं कोण जाणे, मोटर, दांडा, पडदा, सगळा पसारा धाडदिशी खाली आला. बैठकीत एकदम ऊन घुसलं. स्टुलावर तो, स्टूल धरून ती, दोघांच्या केसांत चुना, आणि हसू काही केल्या आवरत नाही. मामाच्या मांडीवर पोहे. मुलाच्या आईनं पोरीकडे पाहिलं, मग आपल्या लेकाकडे पाहिलं, आणि पदरानं डोळे टिपत ताईला म्हणाली, "झालं बाई माह्यं पाहून."

लग्न शेलूबाजारलाच झालं. मंगलाष्टकं सुरू झाली, दोघांच्या मधे अंतरपाट धरला गेला, आणि मी मुद्दाम साडूंकडे पाहत राहिलो. आता हे कापडाला बोट लावतील, शिवण उलटी आहे म्हणतील, मी मनाची तयारी केली होती. ते नुसते अक्षता टाकत राहिले. जेवणाच्या पंगतीत मी चिडवायला विचारलं, "काय साडूभाऊ, अंतरपाट कसा होता?" "कोन्ता अंतरपाट?" ते म्हणाले. त्यांना रंगही आठवत नव्हता.

परवा मी वाशिमहून सहज त्यांच्याकडे गेलो. घरात पुन्हा नवीन मोसम होता. आजकाल म्हणे हलका निळा चालतो. बैठक, स्वयंपाकघर, ती बिनखिडकीची भिंतसुद्धा निळी झाली होती. सगळं दाखवून झालं तरी एका खोलीचं दार त्यांनी उघडलं नाही. मीच ढकललं. भाचीची खोली. खिडकीला विटका गुलाबी पडदा होता, त्याच्यावर छत्र्या घेतलेल्या बाहुल्या. शाळेत असताना तिनं हट्टानं घेतला आणि पुढे बदलू दिला नसणार. धुऊन धुऊन बाहुल्यांची तोंडं गेली होती.

"हा राहिला वाटते," मी म्हणालो.

"तिले फोनवर इचारलं," साडू म्हणाले. "दोनदा इचारलं. ती म्हनते, बाबा, बदला ना, त्यात काय इचारता? तिले काई वाटत नाई त्याचं." त्यांनी तो काळा हात पुढे करून पडद्याची एक चुणी सरळ केली. मग दुसरी.

"मलेच वाटते," ते म्हणाले.