दुपारी बिघडणारी लाइन

मुटारे शहरात टेलिफोनच्या तारा जोडणारी माणसं बरीच होऊन गेली, पण खांबावर चढणारी बाई एकच, मुचानेता न्याबांगा. थोरल्या लेकाच्या नावावरून सगळे तिला माई कुंदाई म्हणत. वय एक्कावन्न, बांधा दणकट, आणि आवाज असा की ती खांबावरून बोलायला लागली की खालच्या चार घरांचं काम थांबे. सव्वीस वर्षांपूर्वी ती कामावर रुजू झाली, तेव्हा मुकादमाने मुद्दाम सगळ्यात उंच शिडी तिच्या खांद्यावर दिली होती. दुपारपर्यंत ही रडत घरी जाईल असा त्याचा हिशेब. माई कुंदाई शिडी घेऊन गेली, खांबावर चढली, काम केलं आणि जेवणाचा डबाही तिथेच वर बसून खाल्ला. वरून गाव छान दिसतं म्हणाली. तेव्हापासून तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

ऑक्टोबरमधली गोष्ट. उन्हाने डांबर मऊ पडलेलं, जॅकरांडाची फुलं रस्त्यावर पडून चिकट झालेली. माकोनी साहेबांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला.

"चिकांगा वस्तीतले दांगारे म्हातारे. चौथी तक्रार."

"आधीच्या तिघांनी काय केलं?"

"दोनदा मोडेम बदललं. तिसऱ्याने लिहिलंय, ग्राहकाच्या वाद्याचा आवाज लाइनीत शिरतो."

"वाद्याचा आवाज लाइनीत शिरणारच की. त्यासाठीच तर त्याने लाइन घेतलीय."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. अडचणीत आले की ते चष्मा पुसत.

सकाळी गाडी दुसऱ्या कामाला गेली होती, म्हणून माई कुंदाई पिशवी खांद्याला लावून मिनीबसने निघाली आणि पोचेपर्यंत एक वाजायला आला. हे बरंच झालं, पण ते तिला नंतर कळलं.

दांगारेंना सगळे सेकुरू, म्हणजे आजोबा, म्हणत; ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. सत्तरी ओलांडलेले, सडसडीत, दोन्ही अंगठ्यांची नखं वाढवलेली. गेली पन्नास वर्षं ते म्बिरा वाजवत होते. लाकडी फळीवरच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडायच्या, आणि घुमण्यासाठी ती फळी मोठ्या भोपळ्यात बसवायची. भोपळ्याच्या कडेला बाटलीची बुचं ओवलेली असतात, ती झणझणतात. अलीकडे सेकुरू हे वाद्य इंटरनेटवरून परदेशातल्या लोकांना शिकवत.

"कोणत्या कुळातली तू?" त्यांनी विचारलं.

"शावा."

"म्हणजे तू चिहेरा, शावांच्या कोणाला न जुमानणाऱ्या बायांपैकी. मग झालं. आता ही लाइन सुधारेल, नाहीतर घाबरून पळून तरी जाईल."

"आधी मला सांगा सेकुरू, होतं काय नेमकं?"

"काय होतं? ओस्लोची मंडळी संध्याकाळी असतात, त्यांना सगळं स्वच्छ ऐकू जातं. जपानची हारुका आणि तिच्या चार मैत्रिणी. त्यांचा तास आपल्याकडच्या दुपारी एकला. त्यांना माझं वाजवणं म्हणजे कोंबडी दाणे टिपतेय असं ऐकू येतं. तुमचा मागचा माणूस म्हणाला, बिघाड जपानात आहे."

आतून त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या अंबुया म्हणजे आजी, महेऊ या मक्याच्या आंबट पेयाचा पेला घेऊन आल्या. "मी त्याला म्हटलं, मग जा बाबा जपानला, डबा करून देते."

माई कुंदाई हसली, पेला एका दमात संपवला आणि कामाला लागली. येत्या शनिवारी हारुकाच्या गावात त्या पाच जणींचा कार्यक्रम होता, आणि शेवटचं गाणं सेकुरू इथून त्यांच्यासोबत वाजवणार होते. हातात तीन दिवस होते.

तिने आपला छोटा संगणक मोडेमला जोडला आणि चुकांचा आकडा काढला. लाइनीवरून जाणारी माहिती वाटेत खराब झाली की मोडेम ती चूक म्हणून मोजतं. चांगल्या लाइनीवर दिवसाला पाच-पन्नास चुका होतात. इथे ती बघता बघता आकडा तीनशेने पुढे गेला.

"अरे देवा," अंबुया मागून डोकावून म्हणाल्या, "एवढ्या चुका तर माझ्या नवऱ्यानेही केल्या नाहीत."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"सत्तेचाळीस."

"मग नीट मोजा, अंबुया."

घरातला दोष आधी बाजूला काढायचा, हा तिचा नेम. तिने घरभर फिरलेल्या जुन्या तारा सोडवल्या, बाहेरून लाइन जिथे घरात शिरते तिथल्या डबीत मोडेम थेट लावलं. आकडा तसाच पळत होता. तार बदलली, वीजपुरवठ्याचा ठोकळा बदलला, फ्रिज बंद करायला लावला. फरक नाही. म्हणजे घर निर्दोष. एक्स्चेंजला फोन करून तिने विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, आज सकाळी आठलाच तपासली, लाइन एकदम स्वच्छ.

"आणि आधीचे तिघं किती वाजता आले होते?" तिने अंबुयांना विचारलं.

"सकाळीच. कोणी चहाच्या आधी, कोणी चहाच्या नंतर."

माई कुंदाईने पिशवीतून वही काढली. मग वहीचं एक पान फाडून त्यावर तासांचे रकाने आखले आणि अंबुयांच्या हाती दिलं. संगणक तिने तिथेच ठेवला; दर तासाला त्यावरचा आकडा बघायचा आणि लिहायचा, एवढंच. अंबुया एके काळी शाळेत हजेरी मांडत असत. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि नवऱ्याला खुर्ची सरकवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाडीत शिडी घालून आली तेव्हा पान भरलेलं होतं, अक्षर मोत्यासारखं. रात्री चुका नाहीत. सकाळी नऊपर्यंत नाहीत. दहापासून वाढत गेलेल्या, एक ते तीन कळस, पाचनंतर पुन्हा शून्य. आणि मध्येच एके ठिकाणी अंबुयांनी स्वतःहून लिहिलं होतं, 'सव्वाअकरा ते पावणेबारा ढग. चुका थांबल्या.'

"अंबुया, हे ढगाचं तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं?"

"कोणी नाही. पण मला वाटलं, लिहावं."

"आमच्या खात्यात यायचं होतं तुम्ही."

"शिडीवर चढवत नाही गं मला."

लाइनीला ऊन लागत होतं, आता शंका उरली नाही. कुठेतरी एक सैल जोड होता. तापला की फुगत होता, पकड सोडत होता, निवला की पुन्हा चिकटत होता. माई कुंदाई घरापासून खांब मोजत निघाली. सहा खांबांवर झाडांची सावली होती. सातवा प्रार्थनाघराच्या भिंतीमागे उघड्यावर, आणि त्यावर जोडाचा काळा डबा, झाकण तडकलेलं, भर उन्हात.

तिने शिडी लावली, वर गेली, आणि डब्याला हात न लावता आधी पाण्याने भिजवलेलं फडकं त्याच्यावर ठेवलं. मग मोबाइलवरून दांगारेंच्या घरी फोन लावला.

"अंबुया, मोठ्याने वाचा."

"नऊ हजार दोनशे दहा. दोनशे चाळीस. दोनशे ऐंशी. हे थांबायचं नाव घेत नाही गं."

"वाचत राहा." तिने बाटलीतलं पाणी फडक्यावर सावकाश ओतलं.

"तीनशे दोन. तीनशे सहा. तीनशे सात." मग वाचणं थांबलं.

"अंबुया?"

"तीनशे सात."

"आता?"

"तीनशे सातच. अहो, इकडे या, हे थांबलंय." मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला.

माई कुंदाईने डबा उघडला. दांगारेंच्या घराची तारांची जोडी शोधली आणि तिथेच तिचा हात थांबला. तारा जोडाच्या छोट्या टोपीत नीट दाबून जोडण्याऐवजी नुसत्या पिळल्या होत्या, वर चिकटपट्टीचे दोन वेढे. तारांवर हिरवट गंज चढलेला. पण तिचं लक्ष त्या पिळाकडे होतं. पीळ डावीकडे वळलेला. साऱ्या प्रांतात डाव्या हाताने तारा पिळणारं माणूस एकच होतं, ती स्वतः.

सोळा वर्षांपूर्वी, ज्या वर्षी दुकानात मीठसुद्धा मिळत नव्हतं, कोठारात जोडाच्या टोप्या कुठून असणार. तेव्हा तिने असे कितीतरी जोड नुसते पिळून भागवले होते. टोप्या आल्या की परत येऊन नीट करू, असं तिने मनाशी ठरवलंही होतं. मग टोप्या आल्या, आणि ती विसरली. नुसत्या बोलण्याला असला जोड चालून गेला, इंटरनेट आलं तेव्हा त्याचं पितळ उघडं पडलं.

शिडीवर उभ्या उभ्या तिला आधी लाज वाटली. मग अंगठ्याएवढ्या त्या गबाळ्या जोडाकडे बघून हसू फुटलं, इतकं की खालून जाणाऱ्या बाईने वर पाहून विचारलं, "काय झालं हो माई?"

"जुनी ओळख निघाली," ती म्हणाली.

तिने तारा कापल्या, चकचकीत तांबं लागेपर्यंत सोलल्या, टोपीत बसवून दाबल्या. डब्यातले बाकीचे जोडही तसेच केले, नवं झाकण घातलं. खाली उतरून ती थेट दांगारेंच्या अंगणात गेली आणि कापलेला तुकडा सेकुरूंच्या तळहातावर ठेवला.

"हा दोषी."

"एवढासा? कोणी केलं असलं काम?"

"मी."

सेकुरूंनी तुकडा डोळ्यांजवळ धरला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा तुकड्याकडे. "म्हणजे त्या तिघांना सापडणार नव्हताच," ते म्हणाले. "ज्याचं त्यालाच ठाऊक." आणि मग ते इतके हसले की अंबुयांना त्यांच्या पाठीवर थाप मारावी लागली.

कचेरीत तिने अर्ज भरला. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात लिहिलं, 'माझा जोड.' माकोनी साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"असं कोणी लिहितं का?"

"खरं तेच लिहिलं, साहेब. आणि त्या वर्षीचे असले अजून पंचवीस-तीस तरी असतील. मला ते सगळे उघडायचेत. टोप्यांची पेटी द्या."

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. कोठाराची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

शनिवारी तिला सुट्टी होती. तरी एकच्या आधी ती दांगारेंच्या बैठकीत हजर झाली, अंगावर प्रार्थनेला जायचा झगा, हातात लहान संगणक. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पडद्यावर पाच जपानी बायका गुडघ्यांवर बसल्या होत्या, मागे भरलेलं सभागृह. सेकुरूंनी म्बिरा भोपळ्यात बसवली आणि अंगठा टेकवला. पहिले सूर गेले, क्षणभराने तिकडून उत्तर आलं, आणि ती चुकांच्या आकड्याकडे बघू लागली. दोन. गाणं रंगात आलं तेव्हा तीन. त्यानंतर तिने बघितलंच नाही, कारण अंबुयांनी तिच्या हातात होशो कोंबले होते, बी भरलेल्या भोपळ्यांच्या खुळखुळ्यांची जोडी, आणि सांगितलं, "बसून काय राहतेस, ताल धर."

तिने ताल धरला. सुरुवातीला जरा मागे पडली, सेकुरूंनी भुवई उडवली, मग लागला. हारुकाने डोळे मिटले होते. बुचं झणझणत होती, एकही सूर तुटत नव्हता.

गाणं संपल्यावर पडद्यापलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर हारुकाने सेकुरूंच्या शोना भाषेत, अडखळत पण स्वच्छ, विचारलं, "सेकुरू, होशो वाजवणाऱ्या या बाई कोण?"

"ही आमची लाइन बिघडवणारी," सेकुरू म्हणाले. "दुरुस्तही हिनेच केली. चिहेरा आहे, जपून बोल."

हारुका खळखळून हसली. मग तिने गुडघे जुळवले, दोन्ही तळवे वाटीसारखे करून हळू टाळी वाजवली, इथल्या बायका मान देताना वाजवतात तशी. माई कुंदाईने होशो खाली ठेवले आणि तशीच टाळी परत दिली. तेवढ्यात आतून कोंबडीच्या रश्श्याचा वास आला आणि अंबुयांनी हात धुवायचं पाणी आणलं.