कड्याखालची हाक

लग्न करून मी मुरबाड तालुक्यातल्या कड्याखालच्या गावात आले. सासूबाईंनी एका दिवसात घर दाखवलं आणि मग आठवडाभर डोंगर समजावला. त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. भर दुपारी त्याच्या सावलीत केस सोडायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "कड्याखाली कुनी हाक मारली तर ओ द्यायची नाय. मानूस असला तर समोर येऊन बोलल. समोर येत नाय तो मानूस नाय."

गावातला एक गुराखी म्हणे असाच ओ देत देत वर गेला आणि परत आला तो बायकोला ताई म्हणायला लागला. हे सासूबाई शपथेवर सांगत.

मी भातसानगरच्या कॉलनीत वाढलेली. वडील धरणावर नोकरीला. आमच्या खिडकीतून सह्याद्री म्हणजे एक निळी रेघ होती, तिला कोण घाबरणार? त्यातून मी हायस्कुलात भूगोल शिकवते. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मी सासूबाईंना सांगितलं, की हा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. जमिनीला भेगा पडल्या, तापलेला रस बाहेर आला, थरावर थर साचले, आणि पुढे पावसापाण्यानं ते कोरून कोरून हे कडे झाले.

"कोटी म्हंजे किती गो?"

"तुमची आजी, तिची आजी, तिची आजी असं म्हणत बसलो ना आई, तर आपला जन्म संपेल पण तिथवर पोचणार नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "येवढा म्हातारा? मग एकटाच बडबडनार नाय तर काय करल?"

भूगोलानं त्यांची भीती आणखी पक्की केली.

पुढच्या मे महिन्यात एका रविवारी आम्ही दोघी करवंदांना गेलो. कड्याच्या पायथ्याशी जाळ्या अशा लगडल्या होत्या की बोलायलाही फुरसत नव्हती. तोडता तोडता सासूबाई कधी पुढे गेल्या ते मला कळलं नाही. ऊन डोक्यावर आलं, पाखरंही गप्प झाली. आणि वरून, थेट कड्यातून आवाज आला.

"मास्तरीऽन!"

मी वर पाहिलं. काळा पाषाण आणि त्याच्यावर एक घार. प्रतिध्वनी कसा होतो ते मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. पण त्या घटकेला पायांना काही ते चित्र आठवेना. मी तोंडातलं करवंद न चावता तशीच उभी राहिले.

"मास्तरीऽऽन!"

मी ओ दिली नाही. सासूबाईंनीच बजावलं होतं ना!

मग आवाज चिडला. "आगो, बहिरी झालीस काय? सकाली दूद उतू गेलं तवा पन अशीच खांबासारकी हुबी व्हतीस!"

साडेसहा कोटी वर्षांच्या डोंगराला आमच्या चुलीवरचं दूध कुठून ठाऊक असणार? मी जीव खाऊन ओरडले, "ओऽऽ! आई, कुठे आहात?"

कड्यानंही लगोलग ओ दिली. चांगली खणखणीत, माझ्यापेक्षा मोठ्यानं.

आणि सासूबाई एकदम चिडीचूप. मी हाका मारत राहिले, त्या काही उत्तर देईनात. नियम त्यांचाच होता, त्या मोडतील कशा? शेवटी एका मोठ्या धोंड्यामागची जाळी हलताना दिसली म्हणून मी तिकडे वळले. बघते तर सासूबाई काट्यांत अडकलेल्या. पदर एका फांदीला, अंबाडा दुसरीला, आणि डोळे गच्च मिटलेले.

"आई, मी आहे."

त्यांनी एक डोळा उघडला. "पाय दाखव."

मी चपला काढून दोन्ही पाय दाखवले. पावलं पुढच्या बाजूलाच आहेत याची त्यांनी नीट खात्री केली आणि मग म्हणाल्या, "आता सोडव की गो, बघतीस काय!"

पदर थोडा फाटला, माझी बोटं रक्ताळली. त्यांचा अंबाडा मोकळा करता करता मला हसू फुटलं. त्या आधी रागावल्या, मग अशा हसल्या की धोंड्यावर बसावंच लागलं. बसल्या आणि ताडकन उठल्या.

"आगं आई गं! ह्यो रस कवा निवला म्हनालीस?"

"साडेसहा कोटी वर्षं झाली."

"नाय निवला आजून," त्या कमरेखाली पदराची घडी घालत म्हणाल्या.

संध्याकाळी ओटीवर शेजारणी जमल्या. सासूबाई रंगात येऊन सांगत होत्या, की डोंगरानं सुनेच्या नावानं हाका मारल्या, पण सून अशी धीराची की हूं की चूं केलं नाही. आवाज कसा होता, असं एकीनं विचारलं. "घोगरा, बाप्याचा," त्या बेधडक म्हणाल्या. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. "खरं का गो, मास्तरीन?"

माझ्या तोंडात करवंदं होती. मी आदबीनं मान डोलावली.