साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी

आज चहा करताना पाहिलं, तर साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी वाफेनं सुटत आलीय. ‘असूकार’. स्पॅनिशमधली साखर, यांच्या अक्षरात. मुलानं तिकडची मुलगी केली, तेव्हा व्याह्यांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून आम्ही दोघं साठीनंतर मोबाइलवरून ही भाषा शिकायला बसलो. आमच्या गावात स्पॅनिश बोलणारं कोण असणार? हे माझ्याशी बोलायचे, मी यांच्याशी. चुकलं तरी सांगणारं कुणी नाही.

एक मात्र झालं बघा. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांचे कधी आभार मानले नव्हते. आपल्यात घरच्या माणसाचे आभार कोण मानतं? पण धड्यात होतं, म्हणून हे चहाचा कप घेताना ‘ग्रासियास’ म्हणायला लागले. मी म्हणायची, “पुरे झालं नाटक!” वाट मात्र बघायची.

दवाखान्यात शेवटी शेवटी मी चमच्यानं पाणी पाजलं, तेव्हाही तेच पुटपुटले. नर्सनं विचारलं, “आजी, काय हवंय त्यांना?” म्हटलं, “काही नको, माझ्याशी बोलतायत.” त्याचं उत्तर मला पाठ होतं. दिलं नाही. नर्ससमोर लाजले.

मोबाइलमधली बाई अजून रोज प्रश्न विचारते आणि माझं उत्तर ऐकून ‘छान’ म्हणते. तिला काय जातंय!

चिठ्ठी मी भाताच्या शितानं परत चिकटवली. तिच्यावर हात दाबून धरला आणि म्हटलं, “दे नादा.” म्हणजे, त्यात काय एवढं, अहो.